आधी ओळंबा धरू द्या, मग शाखा विचारा

दहावीचा निकाल लागला की पुढचे काही दिवस माझा फोन गरमच असतो. "मॅडम, पोराला सिव्हिलला टाकलं तर चालंल का?" सूर असा, की कॉम्प्युटरला नंबर लागत नाही, मग उरलंसुरलं काय ते बघू. पोरीचा बाप असला तर आणखी एक वाक्य ठरलेलं: "उन्हातान्हात उभं राहायचं काम हाय म्हणे ते."

मी लातुरात घरांची, शाळांची, पाण्याच्या टाक्यांची डिझाइनं करते. या फोनवर मी काय सांगणार? ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते लेकरू फोनवर नसतंच. त्याला फोन द्यायला लावला तर ते म्हणतं, "मला काय माहीत सिव्हिलमध्ये काय असतं." खरंच आहे त्याचं. डॉक्टर त्यानं पाहिलेला असतो, मास्तर पाहिलेला असतो, बँकेतला साहेब पाहिलेला असतो. घर बांधताना त्याला मिस्त्री दिसतो, पूल होताना ठेकेदार दिसतो. इंजिनिअर कुठेच दिसत नाही.

म्हणून मी फोनवरचे सल्ले कमी केले आणि उन्हाळ्यात शिबिर घ्यायला लागले. एका पॉलिटेक्निकचं वर्कशॉप सुट्टीत रिकामं असतं. तिथले दोघं-तिघं शिक्षक हौशी आहेत, आणि माझ्या साइटवरचे एक जुने मिस्त्री येतात, ज्यांना लेकरं पहिल्या तासातच 'मामा' म्हणायला लागतात. आठवी-नववीची तीसेक लेकरं घेतो. दहावी झालेली घेत नाही, कारण लातूर पॅटर्नच्या गावात दहावीची सुट्टी म्हणजे अकरावीच्या क्लासचा पहिला धडा. तोवर घरात शाखा ठरून गेलेली असते, फीचा पहिला हप्ताही गेलेला असतो. सांगायचं ते त्याच्या आत सांगावं लागतं.

आणि सांगायचं म्हणजे तोंडानं नाही. करिअर मार्गदर्शनाची व्याख्यानं मी खूप ऐकली, दोन-चार दिलीसुद्धा. पडद्यावर बुर्ज खलिफा येतो, चिनाब नदीवरचा पूल येतो, टाळ्या पडतात, चहा-बिस्किटं होतात आणि लेकरं घरी जातात. त्यातल्या एकाच्याही हाताला माती लागलेली नसते. आईस्क्रीमच्या काड्यांचे पूल करणारी शिबिरंही असतात. वाईट नाहीत ती. परदेशात म्हणे कोरड्या स्पॅगेटीचे पूल करतात. आमच्याकडे एका पोरानं शेवयांचा करून बघितला, तो फेविकॉल वाळायच्या आतच बसला. पण काडीचा पूल करून पोराला वाटतं, हा एक खेळ होता. मला त्याला त्याच्या स्वतःच्या घराच्या भिंतीपाशी न्यायचं असतं.

सुरुवात ओळंब्यानं होते, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन. मग काटकोन बघायचा गुण्या, मग लाइनदोरी, मग पाण्याची नळी. तीन-चार-पाच फुटांच्या दोरीनं काटकोन काढायला मामा शिकवतात तेव्हा लेकरं खूश होतात, पण खरी गंमत नळीत आहे. बोटभर जाडीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, तिच्यात पाणी भरायचं, आत हवेचा एकही फुगा राहू द्यायचा नाही. दोन टोकं दोघांनी धरायची. मध्ये भिंत असो, खोली असो, कोपरा असो, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. एक पोरगं ओरडतं "थांबलं!", दुसरं पेन्सिलनं खूण करतं. त्यात एखादा हळूच नळी दाबतो, पाणी उसळतं, भांडणं होतात, परत पहिल्यापासून.

मागच्या खेपेला लेकरांनी वर्कशॉपच्याच व्हरांड्याची पातळी काढली. एका टोकाला फरशी चांगली दोन बोटं खाली निघाली. तिथले सर म्हणाले, पावसाचं पाणी वाहून जायला तो उतार मुद्दाम दिलाय. लगेच एका मुलीनं विचारलं, "मग सर, उतार भिंतीकडं का दिलाय?" सरांनी चहा मागवला.

शिबिराच्या वेळा सकाळी सात ते अकरा. मे महिन्यात आमच्याकडे अकरानंतर पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे शिक्षा. सिमेंटला हात लावायचा तर हातमोजे घालायचेच, कारण ओल्या सिमेंटनं कातडी सोलते. गवंड्यांच्या हातांकडे बघितलंय का कधी? माझे अण्णा गवंडी होते. त्यांच्या तळहाताच्या भेगांत आई रात्री एरंडेल भरायची. त्यामुळे हातमोज्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी माती. लेकरांना आधीच सांगून ठेवलेलं असतं की येताना शेतातली काळी माती पिशवीभर आणा, आणि गावात कुठं घर बांधायचं चाललं असेल तर तिथल्या खड्ड्यातला मुरूमही आणा. माती ओव्हनमध्ये वाळवायची, कुटायची, 425 मायक्रॉनच्या बारीक चाळणीतून चाळायची. मग तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. 100 मिलीच्या काचेच्या दोन नळ्या घ्यायच्या, एकीत पाणी ओतायचं, दुसरीत रॉकेल. दोन्हीत माती टाकायची, काडीनं ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. (रॉकेल मिळवणं हीच आता मोठी मोहीम झालीय. ज्या घरात अजून अर्धी बाटली शिल्लक असते त्या घरचं लेकरू त्या दिवशी राजा.)

तिसऱ्या दिवशी सकाळी चप्पल काढायच्या आधी सगळे नळ्यांकडे पळतात. रॉकेलमधली माती मुकाट खाली बसलेली असते, दहाच्या खुणेच्या आसपास. पाण्यातली अठरा-एकोणीसपर्यंत चढलेली. माती एकाच शेतातली, वजन एकच. मग मुरमाची जोडी बघायची: दोन्ही नळ्यांत जवळपास सारखीच. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर एकावर एक असतात आणि पाणी त्या थरांच्या मध्ये शिरून त्यांना दूर ढकलतं. रॉकेल तसं शिरत नाही, म्हणून रॉकेलमधला आकडा हा मातीचा मूळचा आकडा धरायचा आणि पाण्यातला त्याच्यापेक्षा किती टक्के वाढला ते काढायचं. ही फूग पन्नास टक्क्यांच्या वर गेली की अशा जमिनीवर पाया घालताना सांभाळून राहायचं. आमच्या लेकरांच्या पिशव्यांतली माती ऐंशी-नव्वदला सहज जाते.

इथं मी बोलायची थांबते, कारण आता लेकरंच बोलायला लागतात. "आमच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग हाय." "आमच्याकडं उन्हाळ्यात दार घासतंय, पावसाळ्यात नीट लागतंय." "आमच्या आज्यानं नवीन घर शेतात बांधलं, दोन वर्षांत फरशी उचलली." रेणापूरकडची एक नववीतली पोरगी होती, तिनं वहीत आपल्या घराचा नकाशा काढला, प्रत्येक भेगेची दिशा दाखवली आणि भेगा पश्चिमेच्या भिंतीलाच जास्त का, असं विचारलं. बोलता बोलता निघालं की त्या बाजूला न्हाणीचं पाणी मुरतं. म्हणजे तिथली माती बारमाही ओली, बाकीची उन्हाळ्यात फाटलेली. एकीकडून घर उचललं जातंय, दुसरीकडून खचतंय. हे निदान तिनं स्वतः केलं. माझ्याकडे नोकरीला येणाऱ्या पदवीधरांतले सगळेच ते करतील असं मी म्हणणार नाही.

उपाय सांगायला मग वेळ लागत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदा, हे तर मामाही सांगतात. काळी खोलवर गेलेली असेल तर तेवढं खोदणं परवडत नाही. तिथं पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, खाली फुगा ठेवून घालतात, साधारण साडेतीन मीटरपर्यंत, जिथं मातीचा ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही. आणि फुकटातला उपाय म्हणजे न्हाणीचं पाणी पायापासून लांब न्या, घराभोवती पक्का उतार करा.

आता किल्लारी. आमच्या भागात बांधकाम शिकवायचं आणि किल्लारी टाळायची, हे मला जमत नाही. या लेकरांचा जन्म 2010 च्या आसपासचा. त्यांच्यासाठी 30 सप्टेंबर 1993 ही तारीख म्हणजे आजीनं सांगितलेली गोष्ट. गणपती विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं, 6.2 तीव्रता, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली दहा हजारांच्या घरातली माणसं गेली. मी स्वतः तेव्हा प्राथमिक शाळेत होते. अण्णा नंतर पुनर्वसनाच्या कामावर गेले, आणि भूकंपात टिकणारी भिंत कशी रचायची याचं प्रशिक्षण त्यांनी तिथं घेतलं. घरी येऊन ते आमच्या भिंतीवर टकटक करून बघायचे.

लेकरांना आकडे सांगून काही होत नाही. आम्ही भिंत बांधतो. प्लायवूडची एक मोठी फळी घ्यायची, तिच्याखाली गोट्या पसरायच्या, बाजूला पट्ट्या मारायच्या म्हणजे फळी पुढं-मागंच सरकेल. फळीवर दोन छोटी घरं, प्रत्येकी हातभर उंचीची. दोन्ही दगड-मातीची, दोन्हींच्या भिंती वीतभर जाड. पहिल्या घराच्या भिंती जुन्या पद्धतीनं: बाहेरून चांगल्या तोंडाचे दगड, आतून तसेच दगड, मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दुसऱ्या घरात दगड तेच, माती तीच, फक्त ठराविक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड, आणि खिडकीच्या वरून चारी भिंतींना बांधून टाकणारा एक पट्टा. खऱ्या बांधकामात हे दगड दर दोन फूट उंचीला आणि आडव्या चार फुटांत एक तरी हवेत. आयएस 13828 या मानकात तसं लिहिलेलं आहे आणि ते मानक 1993 सालचंच आहे. दोन्ही घरांवर माळवदासारखा मातीचा थर चढवायचा, कारण त्या गावांत घरांच्या डोक्यावर दीड-दोन फूट पांढरी माती असायची. दरवर्षी पावसाळ्याआधी आणखी पाट्या पडायच्या. गळू नये म्हणून टाकलेली माती, उन्हाळ्यात गारवाही द्यायची. तिचं वजन कुणी मोजलं नव्हतं.

मग फळीला दोर बांधून ओढायचं, सोडायचं, ओढायचं. पहिल्या घराची भिंत एकदम पडत नाही. आधी तिला पोट सुटतं. बाहेरचा थर बाहेर सरकतो, मधली माती त्या फटीत खाली बसते, पाचर मारल्यासारखी दोन्ही थरांना आणखी दूर लोटते, आणि मग कोपरा उघडतो. हे सगळं पाच-सात झटक्यांत होतं. दुसऱ्या घराला भेगा पडतात, माळवदाची माती सांडते, एखादा दगडही निखळतो, पण भिंती उभ्या असतात. मामा लेकरांना मोडलेल्या घराजवळ बसवून आरपार दगड कुठं असायला हवा होता ते बोटानं दाखवतात. शांतता वगैरे पसरत नाही, लेकरंच ती. "परत करू, परत करू" असा कालवा होतो. करतो आम्ही परत. दुसऱ्यांदा कुणीतरी लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा आत घालून बघतो, कारण किल्लारीकडे काही घरांच्या भिंती पडूनही आतला लाकडी सांगाडा उभाच राहिला होता, हे मी बोलून गेलेली असते.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. भूकंप होईपर्यंत आपला हा भाग देशाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन 1 मध्ये होता. 2002 मध्ये नकाशा सुधारला, झोन 1 हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन 3 मध्ये गेला. पुस्तकातला नकाशासुद्धा बदलावा लागतो, आणि बदलणारी माणसं लागतात, हे पंधराव्या वर्षी कळलेलं बरं. 2024 मध्ये हिंगोलीकडे दोनदा जमीन हलली तेव्हा शिबिरातल्या एका जुन्या पोराचा मला मेसेज आला होता: "मॅडम, आमच्या शाळेला पट्टा हाय, बघून आलो."

काँक्रीटचा दिवस पोरांचा सगळ्यात लाडका, कारण त्यात शेवटी काहीतरी फुटतं. पंधरा सेंटिमीटरचे क्यूब आम्ही महिनाभर आधीच भरून पाण्यात ठेवलेले असतात. अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय मजा नाही. काही क्यूब बरोबर पाण्याचे, काही साइटवर जसं 'जरा पातळ करा, पळायला सोपं जातं' म्हणून पाणी ओततात तसे. बाहेरून दोन्ही सारखेच, उलट पातळ मालाचा क्यूब जास्त गुळगुळीत आणि देखणा. एम-20, म्हणजे घरांना वापरतात त्या ताकदीच्या काँक्रीटचा नीट क्यूब दाबयंत्रात पंचेचाळीस टनांच्या आसपास दाब घेऊनच फुटायला हवा. म्हणजे उसानं गच्च भरलेले दोन-तीन ट्रॅक्टर, ट्रॉल्यांसकट, एका विटेएवढ्या ठोकळ्यावर. देखणा क्यूब त्याच्या कितीतरी आधी कुरकुरायला लागतो. काटा मागे फिरला की सगळी पोरं मामांकडे बघतात आणि मामा छताकडे बघतात. आमच्या धंद्यातली ही रोजची भांडणं आहेत, लेकरांना ती आत्ताच कळली तर काय बिघडलं?

पाण्याचं गणित मात्र वहीत होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. मांडा गणित: पाच लाख भागिले 135, सदतीसशे माणसं, एक दिवस. लातूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर. लेकरं गप्प होऊन परत भागाकार करतात, शून्य चुकलं असेल म्हणून. शून्य चुकलेलं नसतं. मग धनेगावच्या मांजरा धरणातून पाणी त्यांच्या नळापर्यंत कसं येतं, मध्ये कुठं गळतं, टाकी उंचावर का बांधतात, हे प्रश्न मला विचारावे लागत नाहीत.

शेवटी एक सहल, बहुतेक वेळा नळदुर्गला. बोरी नदीवरचं बंधाऱ्याचं बांधकाम, आणि त्याच्या पोटात पाणी महाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. नदीला पाणी आलं की नर-मादी हे दोन धबधबे वरून कोसळतात आणि आतल्या महालात माणूस कोरडा उभा राहतो. मे महिन्यात धबधबा नसतो, याची पोरं तक्रार करतात. मला मात्र तोच काळ बरा वाटतो. पाणी नसताना दगडाचे सांधे नीट दिसतात, आणि सेल्फीची गर्दीही कमी.

पालकांसाठी शेवटच्या दिवशी तासभर ठेवतो आणि तिथं मी गोड बोलत नाही. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमी असतो. खाजगी साइटवर सुट्टीचं काही खरं नसतं. काही ठेकेदार मुलींना साइटवर घ्यायला अजून कुरकुरतात, आणि बऱ्याच साइटवर बायकांसाठी साधं शौचालय नसतं. मी त्यावरून काम सोडून आलेय. हे लपवून पोरांना आणायचं आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी सोडून द्यायचं, त्यापेक्षा आधीच कळू दे. त्याच दमात हेही सांगते की दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आहे, ती झाली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, अकरावी-बारावीचा खर्च वाचतो. आयटीआयला सर्व्हेअर आणि ड्राफ्ट्समनचे ट्रेड आहेत. ज्याच्या हाताला पाण्याची नळी आवडली त्याला हे रस्ते कळले पाहिजेत.

शिबिरातली सगळी लेकरं सिव्हिलला जात नाहीत, आणि जावीत असंही मला वाटत नाही. एक जण गेल्या वर्षी नर्सिंगला गेली. तिच्या घरी गच्चीचा स्लॅब पडताना तिनं मिस्त्रीला पाणी ओतू दिलं नाही, असं तिची आई सांगत होती. मला तेवढी फी पुरते.

येत्या उन्हाळ्यात लेकरांकडून बारव मोजून घ्यायचं चाललंय. मराठवाड्यात किती गावांत आहेत, वालूरची गोल फिरत उतरणारी तर प्रसिद्धच आहे. पण मला एखादी अप्रसिद्ध हवी, जिचा नकाशा अजून कुणी काढलेला नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतील. कुणाकडे जुनी डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, अडगळीत पडून असेल, तिवईसकट, तर सांगा, दुरुस्ती आम्ही करून घेऊ. आणि तुमच्या गावात बारव असेल, गाळ काढलेला असेल, पायऱ्या धड असतील, तर कळवा. तीस लेकरं, मामा आणि टेप घेऊन येतो. चहा तुमच्याकडे.